व्हीएम हलवताना स्टोरेजची नावं जुळत नाहीत: प्रॉक्समॉक्स, जुना नोड एलव्हीएम, नवा नोड झेडएफएस

विभाग: संगणक » सर्व्हर आणि व्हर्च्युअलायझेशन

शॉपफ्लोअर_भोसरी · सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी आयटी बघते. आमच्याकडे प्रॉक्समॉक्सची (एका सर्व्हरवर अनेक व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालवणारी प्रणाली) ८ मालिका आहे. जुना सर्व्हर भोसरी१, त्यावर इन्स्टॉल करताना ठरलेलीच मांडणी: लोकल आणि लोकल-एलव्हीएम (एलव्हीएम म्हणजे लिनक्सची डिस्क विभागण्याची पद्धत). शिवाय मोठ्या हार्ड डिस्कवर डेटा-एचडीडी नावाचं वेगळं स्टोरेज आहे. नवीन सर्व्हर भोसरी२ पुरवठादाराने झेडएफएसवर (डिस्क एकत्र करून पूल बनवणारी फाइल सिस्टिम) लावून दिला. त्यात ९६० जीबीच्या दोन एनव्हीएमई (जलद एसएसडी) मिररमध्ये, म्हणजे एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या, आहेत, त्याच बूटच्या, आणि ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्कचा मोठी नावाचा वेगळा पूल आहे.

भोसरी२ क्लस्टरमध्ये (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरच्या, म्हणजे नोडच्या, गटात) घेतला आणि दोन गोष्टी दिसल्या. त्याच्यावरचं लोकल-झेडएफएस यादीतून नाहीसं झालं. त्याच्या जागी लोकल-एलव्हीएम दिसतंय, त्यावर प्रश्नचिन्ह. मोठीसुद्धा दिसत नाही. व्हीएम हलवायला गेलं की स्टोरेज या नोडवर उपलब्ध नाही असा एरर येतो.

हलवायच्या व्हीएम अशा: ईआरपी (१०४, विंडोज, सिस्टिमची १२० जीबीची डिस्क लोकल-एलव्हीएमवर, ड्रॉइंगची ९०० जीबीची डिस्क डेटा-एचडीडीवर), टॅली (१०७) आणि हजेरीची लिनक्स व्हीएम (११०). पुरवठादाराच्या इंजिनिअरने फोनवर सांगितलं, की लोकल-एलव्हीएमला शेअर्डची खूण करा, एरर जाईल. ती करावी का, हे आधी विचारते. आमचा साप्ताहिक सुट्टीचा वार गुरुवार, तेव्हाच काम करता येईल.

कात्रज_कर्नल · सोमवार, रात्री ९:५०

ताई, पहिलं उत्तर: शेअर्डची खूण करू नका. हे वाचेपर्यंत कुणी केली असेल तर लगेच काढा.

ती खूण स्टोरेज शेअर्ड करत नाही. दोन्ही नोड एकाच जागेकडे बघतायत, असं तुम्ही प्रॉक्समॉक्सला सांगताय एवढाच तिचा अर्थ. प्रॉक्समॉक्स त्यावर विश्वास ठेवतं. मग मायग्रेशनच्या वेळी डिस्क कॉपीच करत नाही, कारण त्याच्या लेखी ती पलीकडे आधीच आहे. एनएफएस किंवा आयस्कझीवर, म्हणजे नेटवर्कवरच्या सामाईक स्टोरेजवर, हे बरोबर आहे. तुमच्या बाबतीत दोन खोक्यांत दोन वेगळ्या डिस्क आहेत. व्हीएमचा कॉन्फिग भोसरी२ वर जाईल, डिस्क भोसरी१ वर राहील आणि व्हीएम उठणार नाही. एरर घालवण्यासाठी हा सल्ला फार ठिकाणी दिला जातो म्हणून इतकं ठासून लिहितोय.

आता मूळ गोष्ट. प्रॉक्समॉक्सच्या क्लस्टरमध्ये स्टोरेजची यादी प्रत्येक नोडची वेगळी नसते. ईटीसीच्या आत पीव्हीई फोल्डरमध्ये स्टोरेज.सीएफजी नावाची एकच फाइल असते आणि तो फोल्डर सगळ्या नोडवर कोरोसिंक या नोड जोडणाऱ्या सेवेमार्फत एकसारखा ठेवला जातो. नवा नोड सामील होताना त्याची स्वतःची फाइल जाते आणि क्लस्टरची लागू होते. म्हणून तुमचं लोकल-झेडएफएस "नाहीसं" झालं. डेटा गेलेला नाही. पूल डिस्कवर शाबूत आहे, फक्त त्याची नोंद पुसली गेलीय. आणि लोकल-एलव्हीएमची नोंद भोसरी१ ची, ती भोसरी२ लाही लागू झाली. तिथे पीव्हीई नावाचा व्हॉल्यूम ग्रुपच (एलव्हीएममधला डिस्कचा गट) नाही, म्हणून प्रश्नचिन्ह.

दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. डेटासेंटर, मग स्टोरेज. लोकल-एलव्हीएम उघडा, नोड्स या रकान्यात फक्त भोसरी१ निवडा. डेटा-एचडीडीचंही तसंच. मग ॲड, झेडएफएस. आयडी लोकल-झेडएफएस, पूल आरपूल/डेटा, थिन प्रोव्हिजनची (लागेल तेवढीच जागा धरण्याची) खूण, नोड भोसरी२. दुसरं असंच मोठी नावाने, मोठी पूलवर. कंटेंटमध्ये डिस्क इमेज आणि कंटेनर दोन्ही ठेवा. डिस्क इमेज ठेवायची राहिली तर त्या स्टोरेजवर व्हीएमची डिस्क उतरणारच नाही.

शॉपफ्लोअर_भोसरी · सोमवार, रात्री १०:३१

खूण केली नव्हती. बाकी सगळं केलं. प्रश्नचिन्ह गेलं, दोन्ही झेडएफएस दिसतायत. मनापासून आभार.

पुढची अडचण: मायग्रेटच्या खिडकीत टार्गेट स्टोरेज एकच निवडता येतंय. एक तर करंट लेआउट, नाही तर एक नाव. लोकल-झेडएफएस निवडलं तर ईआरपीच्या दोन्ही डिस्क एनव्हीएमईवर जातील आणि १०२० जीबी तिथे मावणारच नाही. मोठी निवडलं तर सिस्टिमची डिस्क हार्ड डिस्कवर जाईल, मग ईआरपी रखडेल.

कात्रज_कर्नल · सोमवार, रात्री ११:०५

खिडकीतून एकच देता येतं, पण कमांडवर जोड्या देता येतात. कमांड देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर इंग्रजी अक्षरांत टाइप करा:

क्यूएम मायग्रेट १०४ भोसरी२ --ऑनलाइन --विथ-लोकल-डिस्क्स --टार्गेटस्टोरेज लोकल-एलव्हीएम:लोकल-झेडएफएस,डेटा-एचडीडी:मोठी

अपूर्णविरामाच्या (:) डावीकडे आत्ताचं स्टोरेज, उजवीकडे पलीकडचं, जोड्यांमध्ये स्वल्पविराम, मध्ये मोकळी जागा नको. जोडी न देता नुसतं एक नाव दिलं तर सगळ्या डिस्क त्या एकाच ठिकाणी जातात. नावाऐवजी नुसता १ आकडा दिला तर प्रत्येक स्टोरेज पलीकडच्या स्वतःच्याच नावावर जातं. आणि जोड्यांच्या शेवटी एक सुटं नाव जोडलं तर जोडीत नसलेलं सगळं तिकडे जातं. सुटं नावही नसेल तर जोडीत नसलेलं स्टोरेज पलीकडे त्याच नावाने शोधलं जातं. तुमच्या दोन जोड्यांत सगळं आलंय, सुट्या नावाची गरज नाही.

लक्षात घ्या, जोडी स्टोरेजची असते, डिस्कची नाही. लोकल-एलव्हीएमवर एकाच व्हीएमच्या दोन डिस्क असतील आणि एक जलद पूलवर, दुसरी मोठ्यावर न्यायची असेल, तर या कमांडने ते होत नाही. आधी दोन्ही एका ठिकाणी न्यायच्या आणि पोचल्यावर एक डिस्क मूव्हने हलवायची.

पर्वती_पायथा · मंगळवार, सकाळी ७:२०

चांगला धागा, वाचनखूण साठवली. एक शंका. इतकं करण्यापेक्षा भोसरी२ वरच्या झेडएफएसलाच लोकल-एलव्हीएम नाव दिलं तर? नाव जुळलं की मॅपिंगच (जोड्या देणंच) नको.

कात्रज_कर्नल · मंगळवार, सकाळी ८:०२

नाही देता येत. एका आयडीची नोंद एकच आणि त्या नोंदीला प्रकार एकच. लोकल-एलव्हीएम एलव्हीएम-थिन म्हणून नोंदलंय, तर ते सगळीकडे एलव्हीएम-थिनच. इतकंच नाही, त्या नोंदीत व्हॉल्यूम ग्रुप आणि थिन पूलचं नावही आहे, तेही प्रत्येक नोडवर तेच असावं लागतं. झेडएफएसचंही असंच: आयडी सारखा हवा असेल तर खालच्या पूलचं नावही दोन्हीकडे सारखं हवं.

याला वाट काढणारा एक प्रकार म्हणजे डिरेक्टरी स्टोरेज. त्याच्या नोंदीत फक्त पाथ असतो. एका नोडवर त्या पाथखाली एक्सटी४ फाइल सिस्टिम, दुसऱ्यावर झेडएफएसचा डेटासेट, चालतं. फाइल म्हणून क्यूकाउ२ (व्हीएमची डिस्क साठवण्याचा फाइल-प्रकार) ठेवायची. मात्र मग झेडएफएसची स्वतःची व्हॉल्यूम, तिचे स्नॅपशॉट (त्या क्षणाची जपलेली स्थिती), रेप्लिकेशन (दुसऱ्या नोडवर ठरावीक वेळाने नक्कल) हे सगळं सोडावं लागतं. आणि तो पाथ वेगळ्या डिस्कचा माउंट असेल तर इज-माउंटपॉइंट हा पर्याय नक्की लावा. नाही तर एखाद दिवशी डिस्क माउंट झाली नाही, की व्हीएमची डिस्क निमूटपणे रूट डिस्कवर लिहिली जाते.

अजून एक, कारण हा विचार पुढे तुमच्या मनात येईलच. एकाच पूलला दोन आयडी देऊन दोन्ही नावं चालवणं. तेही नको. प्रॉक्समॉक्सच्या मॅन्युअलमध्येच त्याविरुद्ध इशारा आहे: एकाच डिस्कला दोन पत्ते तयार होतात. व्हीएमच्या कॉन्फिगमध्ये डिस्क स्टोरेजच्या नावानेच ओळखली जाते, लोकल-एलव्हीएम:व्हीएम-१०४-डिस्क-० अशी. दोन पत्ते झाले की न वापरलेली म्हणून तुम्ही जी पुसाल ती चालू व्हीएमची निघू शकते.

विद्यापीठ_चौक_लॅब · मंगळवार, दुपारी १:१५

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये प्रॉक्समॉक्स नाही, साधं लिबव्हर्ट (लिनक्सवर व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) आहे, व्हर्श या त्याच्या कमांडवरून चालवतो. तिथे हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. डिस्कचा पत्ता एक्सएमएलमध्ये पूर्ण पाथ म्हणून असतो. पलीकडच्या मशीनवर पाथ वेगळा असेल तर कॉपी-स्टोरेज-ऑल बरोबर --एक्सएमएल देऊन पलीकडची मांडणी लिहिलेली फाइल द्यावी लागते. आणि व्हीएम तिकडे कायमची ठेवायची असेल तर --पर्सिस्टंट बरोबर --पर्सिस्टंट-एक्सएमएलही द्यायचं. ते दिलं नाही तर चालू व्हीएम नव्या पाथवर असते, पण नोंदीत जुनाच पाथ राहतो आणि पुढच्या वेळी बंद करून सुरू केली की उठत नाही. प्रॉक्समॉक्समध्ये जोड्या देऊन हे एका ओळीत होतंय हे बघून बरं वाटलं.

हिंजवडी_फेज३ · मंगळवार, दुपारी २:४०

व्हीएमवेअरकडून प्रॉक्समॉक्सवर येणाऱ्यांसाठी: ब्रॉडकॉमने २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यापासून असं येणं वाढलंय, म्हणून इथे लिहून ठेवतो. प्रॉक्समॉक्स ८.२ पासून व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय मधून थेट आयात करायची सोय आहे. तिथल्या ॲडव्हान्स्ड पानावर प्रत्येक डिस्कला वेगळं स्टोरेज निवडता येतं. म्हणजे आयातीत प्रत्येक डिस्कला स्टोरेज निवडता येतं आणि क्लस्टरच्या आतल्या मायग्रेशनच्या खिडकीत येत नाही. मला वाटतं ती खिडकी सुधारायला हवी. कमांडला बुजणारे खूप जण केवळ एवढ्यासाठी व्हीएम बंद करून बॅकअप-रिस्टोअरच्या वाटेने जातात.

शॉपफ्लोअर_भोसरी · मंगळवार, संध्याकाळी ६:४८

आज संध्याकाळी टॅली रिकामी होती, म्हणून तिच्यावर तालीम घ्यायची ठरवली. सुरक्षित म्हणून व्हीएम बंद केली आणि १०७ साठी तीच कमांड दिली, ऑनलाइन काढून. एरर: एलव्हीएमथिन प्रकारातून झेडएफएसपूल प्रकारात मायग्रेट करता येत नाही. बंद व्हीएम तर आणखी सोपी जायला हवी ना? व्हीएमला काही झालं नाही, परत सुरू करून ठेवलीय.

कात्रज_कर्नल · मंगळवार, संध्याकाळी ७:३०

इथेच बहुतेक जण अडतात. नीट सांगतो.

व्हीएम बंद असताना डिस्क हलवायचं काम स्टोरेजचा थर करतो. एक स्टोरेज प्रवाह बाहेर सोडतं, दुसरं तो आत घेतं, आणि दोघांना समजेल असा एक तरी फॉरमॅट लागतो. एलव्हीएम-थिन साधा रॉ प्रवाह देतं. झेडएफएस फक्त स्वतःच्या सेंड-रिसीव्हचा प्रवाह घेतं. सामाईक फॉरमॅट नाही, म्हणून नकार. नावांची जोडी बरोबर आहे, अडलंय ते प्रकारावर.

व्हीएम चालू असताना हे काम स्टोरेज करतच नाही. क्यूईएमयू, म्हणजे व्हीएम चालवणारा प्रोग्राम, स्वतः पलीकडे तेवढ्याच आकाराची रिकामी डिस्क बनवून घेतो आणि एनबीडीवरून (नेटवर्कवरून डिस्क वापरण्याची सोय) ब्लॉकमागून ब्लॉक तिकडे लिहितो. दरम्यान व्हीएमने केलेलं नवं लिखाणही तिकडे जातं. त्याला खाली एलव्हीएम आहे की झेडएफएस याच्याशी देणंघेणं नाही. म्हणून चालू व्हीएम जाते आणि बंद व्हीएम जात नाही.

तुम्हाला लिखाण थांबवूनच हलवायचं असेल, तर एक युक्ती आहे. बूट ऑर्डरमधून सगळ्या डिस्क आणि नेटवर्क काढा, मग व्हीएम सुरू करा. ती बायोसच्या पडद्यावर थांबेल. विंडोज उठलेलंच नाही, त्यामुळे डेटा स्थिर. पण क्यूईएमयू चालू आहे, त्यामुळे ऑनलाइन मायग्रेशन चालतं. पोचली की बूट ऑर्डर परत द्या आणि बंद करून सुरू करा.

गुरुवारच्या आधी १०४ च्या हार्डवेअर पानावर हे बघा. सीडी ड्राइव्हमध्ये आयएसओ (सीडीची फाइल) अडकवलेली आहे का? विंडोजच्या व्हीएममध्ये व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ हमखास राहिलेली असते आणि ती लोकलवर असली की मायग्रेशन अडतं. काढून टाका. अनयूज्ड डिस्क म्हणून काही लोंबतंय का? ती व्हीएमला जोडलेली नसते, म्हणून तिची कॉपी बंद डिस्कसारखीच होते आणि वरचाच एरर येतो. नको असेल तर पुसा, हवी असेल तर आधी जोडा. आणि स्नॅपशॉट. लोकल डिस्कचा एकही स्नॅपशॉट असेल तर ऑनलाइन जाणार नाही, कारण क्यूईएमयू आजची स्थिती नेतो, मागच्या स्थिती नेत नाही. स्नॅपशॉट पुसायच्या आधी बॅकअप घ्या आणि तो एका चाचणीच्या व्हीएमवर रिस्टोअर करून बघा.

शॉपफ्लोअर_भोसरी · मंगळवार, रात्री ८:२२

आयएसओ आहे, अडकवलेली. अपडेटच्या आधीचा एक स्नॅपशॉटही आहे, तो आता कुणाला नको आहे. अनयूज्ड काही नाही. सीपीयूचा प्रकार होस्ट (सर्व्हरचा खरा सीपीयू जसाच्या तसा) आहे, दोन्ही सर्व्हर इंटेलचे, पण पिढ्या वेगळ्या.

९०० जीबीला किती वेळ धरू? स्विच १ गिगचा आहे. १० गिगची कार्डं घ्यावीत का, असं साहेब विचारतायत.

कात्रज_कर्नल · मंगळवार, रात्री ९:१०

१ गिगवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतं. ९०० जीबीला सव्वादोन तास, वर सिस्टिमच्या डिस्कला वीस मिनिटं. तीन तास हातात ठेवा. या कामासाठी १० गिग घेऊ नका. मोठी पूल फिरत्या डिस्कचा आहे, तो फार तर दीडपट वेगाने लिहील, कार्ड नुसतं वाट बघत बसेल. त्यापेक्षा दोन्ही सर्व्हरचे मोकळे पोर्ट एका कॅट सिक्स केबलने थेट जोडा (तपकीर गल्लीत चांगली मिळते, कंपनीची बघून घ्या), त्यांना वेगळे आयपी द्या आणि डेटासेंटरच्या ऑप्शन्समध्ये मायग्रेशनचं नेटवर्क तेच ठेवा. म्हणजे कारखान्याच्या नेटवर्कवर भार येणार नाही.

सीपीयू होस्टवरून x८६-६४-व्ही२-एईएस या दोन्हीकडे चालणाऱ्या प्रकारावर आणा, त्यासाठी व्हीएम एकदा पूर्ण बंद करून सुरू करावी लागेल. पिढ्या वेगळ्या असताना होस्ट ठेवून चालू व्हीएम हलवणं धोक्याचं आहे. आणि गुरुवारीच महावितरणचंही दुरुस्तीचं काम निघतं. जनरेटरच्या माणसाला आधी सांगून ठेवा.

लक्ष्मीरोड_बॅकअप · बुधवार, सकाळी १०:४५

मी सीए आणि वकिलांच्या ऑफिसांचे सर्व्हर बघतो, बहुतेक लक्ष्मी रोड आणि सदाशिव पेठेत. ताईंचं काम उद्या होईलच, मला त्यापुढचं बोलायचंय.

मॅपिंग तेव्हा चालतं जेव्हा कमांड देणारा माणूस कीबोर्डवर असतो. गणपतीत आमच्या भागात रस्ते बंद असतात, विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि सर्व्हरपाशी पोचणं शक्य नसतं. त्या दिवशी एक नोड बसला तर हाय अव्हेलेबिलिटीने व्हीएम दुसऱ्या नोडवर स्वतःहून उठवायला हवी. तिला जोड्या कोण देणार? ती कॉन्फिगमधलं नाव वाचते आणि त्याच नावाचं स्टोरेज पलीकडे शोधते. नाही मिळालं तर व्हीएम पडून राहते. स्टोरेज रेप्लिकेशनचंही तेच. ते फक्त झेडएफएसवर चालतं आणि दोन्ही नोडवर एकाच नावाचं स्टोरेज मागतं. तिथे लोकल-झेडएफएसवरून मोठीवर अशी जोडी देण्याची सोयच नाही.

म्हणून माझं कळकळीचं म्हणणं असं, की स्टोरेजचं नाव हे त्या खोक्यातल्या डिस्कचं वर्णन म्हणून ठेवूच नका. एसएसडी-सॅमसंग, डेटा-एचडीडी-४टीबी, भोसरी१-जुनी अशी नावं मी रोज बघतो. डिस्क बदलली की नाव खोटं ठरतं, आणि आयडी नंतर बदलायची सोय नाही. नवा आयडी करून सगळ्या डिस्क हलवाव्या लागतात. नाव कामाचं ठेवा: जलद, मोठी, चाचणी. "या नावाखाली या कामाची जागा मिळेल", एवढं प्रत्येक नोडने पाळायचं. खाली कुठल्या कंपनीची डिस्क आहे हे व्हीएमला कळायची गरज नाही.

हिंजवडी_फेज३ · बुधवार, दुपारी १२:३०

कामाच्या नावांशी सहमत, पण लोकल-झेडएफएस बदलू नका असं मी म्हणेन. ते इन्स्टॉलरचं नाव आहे. उद्या ताई सुट्टीवर असल्या आणि बाहेरून कुणी आलं, तर त्याला ते न सांगता कळतं. आणि झेडएफएसवर इन्स्टॉल केलेल्या प्रत्येक नव्या नोडवर आरपूल/डेटा आपोआप तयार मिळतो, पूलचं नाव जुळवावं लागत नाही.

लक्ष्मीरोड_बॅकअप · बुधवार, दुपारी १२:५५

त्या एका नावापुरतं मान्य. तिथे नाव आणि पूल दोन्ही सगळीकडे सारखे मिळतात, हा खरा फायदा आहे. बाकीच्या पूलना मात्र पहिल्या दिवशीच विचार करून नाव द्या. झेडएफएस पूलचं नाव चुकलं असेल तर तो रिकामा असतानाच एक्सपोर्ट करून नव्या नावाने इम्पोर्ट करून घ्या. बूटच्या आरपूलला मात्र हात लावू नका.

शॉपफ्लोअर_भोसरी · गुरुवार, संध्याकाळी ५:३७

तिन्ही व्हीएम भोसरी२ वर आल्या. टॅली आणि हजेरी सकाळी चालू स्थितीतच गेल्या. ईआरपी बूट ऑर्डर काढून बायोसवर थांबवली आणि दोन जोड्या देऊन हलवली. सिस्टिमची डिस्क लोकल-झेडएफएसवर, ड्रॉइंगची मोठीवर, जशी हवी तशी. केबल थेट जोडली होती, वेळ सांगितल्याप्रमाणेच लागला. मंडळी, खरंच खूप मोठी मदत झाली. वीज गेली नाही.

एक दिसलं: हजेरीच्या व्हीएममध्ये जेमतेम १५ जीबी वापर आहे, पण झेडएफएसवर तिची डिस्क जवळजवळ पूर्ण ६४ जीबी धरून बसलीय.

कात्रज_कर्नल · गुरुवार, संध्याकाळी ६:०५

अभिनंदन! क्यूईएमयूने आरशासारखी पूर्ण डिस्क लिहिली, त्यात रिकामे ब्लॉकही लिहिले गेले. डिस्कला डिस्कार्ड (न वापरलेली जागा परत देणं) चालू करा, गेस्ट एजंट (व्हीएमच्या आतला मदतनीस प्रोग्राम) असू द्या आणि एजंटच्या पर्यायांत मायग्रेशननंतर ट्रिम करण्याची खूण करा. पुढच्या वेळी ते आपोआप होईल. आत्ता व्हीएमच्या आत एफएसट्रिम (रिकामी जागा सोडून देणारी कमांड) चालवा.

लिनक्सवर एक खाचखळगा आहे. एक्सटी४ आधी ट्रिम केलेले भाग मेमरीत लक्षात ठेवतं आणि पुन्हा ट्रिम करत नाही. खाली डिस्क बदलली आहे हे त्याला माहीतच नसतं. म्हणून एफएसट्रिम चालवूनही जागा सुटली नाही तर व्हीएम रीस्टार्ट करून पुन्हा चालवा.

लक्ष्मीरोड_बॅकअप · गुरुवार, संध्याकाळी ६:४०

आता भोसरी१ रिकामा आहे, तर हीच वेळ आहे. त्याला झेडएफएसवर नव्याने इन्स्टॉल करा, हार्ड डिस्कचा पूल मोठी नावानेच बनवा आणि क्लस्टरमध्ये परत घ्या. मग लोकल-झेडएफएस आणि मोठी या दोन्ही नोंदींत नोड म्हणून भोसरी१ वाढवायचा, बस. पुढे दोघांमध्ये व्हीएम हलवायला मॅपिंग लागणारच नाही आणि रेप्लिकेशन लावता येईल. ते ठरवल्याप्रमाणे दर १५ मिनिटांनी फक्त बदललेलं पाठवतं, त्यामुळे नंतरचं मायग्रेशनही काही मिनिटांत होतं.

काढताना क्रम पाळा. आधी भोसरी१ बंद करा, मगच भोसरी२ वरून पीव्हीसीएम डेलनोड. काढलेला नोड जुन्या इन्स्टॉलसह त्याच नेटवर्कवर पुन्हा सुरू करू नका. आणि क्लस्टरमध्ये प्रत्येक नोडचं एक मत असतं, दोनच नोड असल्याने एक बंद झाला की उरलेल्याचं मतांचं बहुमत जातं, कॉन्फिग फोल्डर फक्त वाचण्यापुरता उरतो. तेवढ्या वेळापुरतं पीव्हीसीएम एक्स्पेक्टेड १ द्या. हाय अव्हेलेबिलिटी हवी असेल तर तिसरं मत लागतंच, एखाद्या लहानशा मशीनवर क्यूडिव्हाइस ठेवा.

शॉपफ्लोअर_भोसरी · शुक्रवार, रात्री ८:१५

साहेबांनी परवानगी दिली, पुढच्या गुरुवारी भोसरी१ घेते. डेटा-एचडीडीची नोंद काढून टाकणार. नावं लोकल-झेडएफएस आणि मोठी, एवढीच.

शेवटचा प्रश्न: एनएएसवर (नेटवर्कवरच्या साठवणुकीच्या पेटीवर) ईआरपीचे तीन महिन्यांचे जुने बॅकअप आहेत. त्यांच्या आत लोकल-एलव्हीएम आणि डेटा-एचडीडी हीच नावं असणार. ऑडिटसाठी त्यातला एखादा रिस्टोअर करावा लागला तर?

कात्रज_कर्नल · शुक्रवार, रात्री ८:५२

बरोबर ओळखलंत, बॅकअपबरोबर व्हीएमचा कॉन्फिगही जातो आणि त्यात जुनीच नावं असतात. स्टोरेज न निवडता रिस्टोअर केलं तर ते लोकल-एलव्हीएम शोधेल आणि थांबेल. निवडलं तर एकच निवडता येतं, रिस्टोअरला जोड्या देता येत नाहीत, आणि दोन्ही डिस्क तिथेच उतरतात. म्हणून ईआरपीचा जुना बॅकअप मोठीवर उतरवा, तिथे दोन्ही मावतात. व्हीएमला नवा क्रमांक द्या, चालू १०४ वर उतरवू नका. नेटवर्क कार्डची लिंक तोडून मगच सुरू करा, नाही तर एकाच आयपीचे दोन ईआरपी उभे राहतील. ऑडिटपुरतं बघायचं असेल तर तशीच हार्ड डिस्कवर चालू द्या, थोडी हळू चालेल. कायम ठेवायची असेल तर १२० जीबीची डिस्क हार्डवेअर पानावरून, डिस्क ॲक्शन, मूव्ह स्टोरेज करून लोकल-झेडएफएसवर आणा, चालू व्हीएमवरही होतं.

आणि भोसरी१ पुसायच्या आधी लोकल-एलव्हीएम आणि डेटा-एचडीडी या दोन्ही नोंदी जशाच्या तशा कॉपी करून एनएएसवर बॅकअपशेजारी एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा: कुठलं स्टोरेज, कुठला प्रकार, कुठला व्हॉल्यूम ग्रुप, कुठली डिस्क त्यावर होती. शेवटचा जुना बॅकअप मुदत संपून गेला की ती फाइलही काढून टाका.